बिबीजानमावशीचं पातळ रक्त

टीव्ही लाल झाला आणि मनोहर कोकरे पांढराफटक पडला.

हा मनोहर म्हणजे बारामतीतला बायकांचा डॉक्टर, आणि हा टीव्ही म्हणजे बातम्यांचा नव्हे. पंच्याण्णव सालच्या दसऱ्याच्या तोंडावर त्याच्या छोट्याशा प्रसूतिगृहात दुर्बिणीनं ऑपरेशन करायचं यंत्र आलं होतं, त्याचा. पोटाला बोट जाईल एवढी भोकं पाडायची, एकातून दुर्बीण आत सारायची, तिच्या मागच्या टोकाला कॅमेरा बसवायचा आणि आतला सगळा कारभार टीव्हीवर बघत काम उरकायचं. चिरफाड नाही, वीतभर टाके नाहीत, बाई चार दिवसांत चुलीपुढं. निदान पुण्याच्या शिबिरात तरी असंच सांगितलं होतं.

टेबलावर होती इंदापूरची बांगडीवाली, बिबीजान मणेर. तिच्या अंडाशयावर लिंबाएवढी गाठ होती. सुरुवातीला चित्र असं स्वच्छ आलं की भूल द्यायला आलेले शहा डॉक्टरही स्टुलावरून उठून बघायला आले. गाठ दिसली. मनोहरनं चिमटा पुढं सरकवला. तेवढ्यात पडद्याच्या कडेनं लाल काहीतरी झिरपत आलं आणि बघता बघता सगळा टीव्ही लालभडक.

शिबिरातला पहिला धडा होता, की चित्र बिघडलं तर आधी दुर्बीण बाहेर काढा आणि काच पुसा. हा धडा मनोहरनं तिथं चांगली मान डोलावून ऐकला होता. पण भीती वाटली की माणसाला आपण मान डोलावली होती एवढंच आठवतं, कशाला डोलावली होती ते आठवत नाही. तो ओरडला, "रक्तस्राव! चाकू द्या, चाकू!" आणि त्यानं बिबीजानचं पोट चांगलं वीतभर उघडलं.

आत काहीच नव्हतं. म्हणजे असायला हवं ते सगळं जागच्या जागी होतं, रक्त तेवढं नव्हतं. ती गाठही लग्नात चुकून दुसऱ्याच मांडवात शिरलेल्या पाहुण्यासारखी गप्प बसून होती.

"रक्त कुठाय?" शहांनी मान वाकडी करून विचारलं.

"थांबलं वाटतं."

"आपोआप?"

मनोहरनं गाठ काढली, टाके घातले. शहा डॉक्टर हात धुऊन, एकदा त्याच्याकडं बघून निघून गेले. ते बघणं काही त्याला आवडलं नाही.

मग यंत्र आवरताना त्यानं दुर्बिणीचा कॅमेरा सोडवला आणि मागच्या टोकाची काच कापसानं पुसली. कापूस लाल झाला. वास घेतला. रक्ताचा वास डॉक्टरला ओळखता येतो, आणि हळदीचा वास सगळ्यांनाच ओळखता येतो. ते कुंकू होतं. शेजारी हळदही होती. आणि ते दुसऱ्या कुणी नाही, खुद्द मनोहरनंच स्वतःच्या अनामिकेनं लावलेलं होतं.

त्याचं असं झालं होतं. दसऱ्याला पणदऱ्याहून त्याचे वडील आप्पा झेंडूची पोती घेऊन आले. ज्याच्यावर पोट चालतं त्याला दसऱ्याला पुजायचं, हा कोकऱ्यांच्या घरचा नेम. आजोबांच्या वेळी मेंढरं कातरायची कातर पुजत. आप्पांच्या वेळी ट्रॅक्टर, कडबाकुट्टी आणि दुधाच्या किटल्या आल्या. आता ही दुर्बीण. "एवढं म्हागाचं हत्यार, आन बिनपुजेचं ठिवतूस व्हय रं?" असं आप्पा म्हणाले आणि मनोहरनं नारळ फोडला, यंत्राला हार घातला. दुर्बीण हातात घेतल्यावर मात्र त्याच्यातला डॉक्टर जागा झाला. पुढचं टोक पोटात जाणार, तिथं कुंकू लावायचं नाही! रुग्णाची काळजी घ्यायला नको? म्हणून त्यानं मोठ्या विवेकानं ते मागच्या टोकाला लावलं. नंतर पुसलं. पण काचेच्या कडेला खाच असते, तिथं ते बसून राहिलं. पुढं दुर्बीण फॉर्मॅलिनच्या गोळ्यांच्या डब्यात ठेवली. त्या धुरीनं जंतू मरतात, कुंकू मरत नाही. ऑपरेशनच्या दिवशी कॅमेरा स्पिरिटनं पुसून ओलाच बसवला गेला, कुंकू भिजलं, आणि बिबीजानच्या पोटात न झालेला रक्तस्राव टीव्हीवर झाला.

आता ही बिबीजान कोण, हे त्या पट्ट्यातल्या बायकांना सांगावं लागत नाही. पुरुषांना सांगायला हवं, कारण त्यांना फक्त तिचा आवाज ठाऊक. एसटी थांबायच्या आधी तिचा आवाज खाली उतरायचा. मग ती, मग डोक्यावरची बांगड्यांची आणि कुंकवाच्या पुड्यांची टोपली, आणि सर्वांत शेवटी पिशव्या सांभाळत नवरा रमजान. रमजान तिच्यामागं अशा अंतरानं चालायचा, की तिचं कुणाशी भांडण जुंपलं तर आपण या बाईचे कुणी नाही असं म्हणता यावं आणि कुणी चहाला बोलावलं तर आहोत असंही म्हणता यावं.

बावड्याचा बाजार, डाळज, पणदरे, अशी तिची गावं ठरलेली. लग्नाचा चुडा असो, डोहाळजेवणाच्या हिरव्या बांगड्या असोत, हात बिबीजानच्याच हातात द्यायचा. ती समोरच्या बाईची मूठ चेपता चेपता एकदम विचारायची, "सासू जित्ती हाय का गं अजून?" बाई खुदकन हसायची, हात सैल पडायचा आणि बांगडी सुळकन मनगटात. सासू शेजारी बसलेली असली तरी प्रश्न हाच. उलट तेव्हा बांगडी जास्त लवकर जायची.

कधी एखादी बांगडी भरतानाच फुटायची. फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. मग बाई ओशाळायची, आपला हातच जाड म्हणायची. बिबीजान तिला बोलूच द्यायची नाही. "माझ्या हातनं वाढली बया. तुझा हात चांगला हाय," असं चारचौघींत मोठ्यानं सांगून दुसरी बांगडी चढवायची. ती वाढलेली बांगडी बांगडीवालीच्या अंगावर, हा त्या धंद्याचा रिवाज.

मनोहरच्या आईच्या हातात बांगड्या भरायला ती पणदऱ्याला यायची तेव्हा हा डॉक्टर उघडानागडा अंगणात फिरायचा. तेव्हा तो तिला 'मन्या' होता. बारामतीत दवाखान्याची पाटी लागल्यावर तिनं आपण होऊन 'अरं'चं 'तुमी' केलं. त्यानं मात्र 'मावशी, तू' सोडलं नाही.

ऑपरेशनच्या आधी ती त्याच्यापुढं बसली होती तेव्हाचं बोलणं मनोहरला आता पुन्हा पुन्हा ऐकू येऊ लागलं.

"चिरायचं न्हाय म्हंता?"

"नाही मावशी. भोकं पाडायची नुसती. चार दिवसांत उठून बसशील."

"तुळशीचं लगीन लागलं की लग्नसराई. चुडं भरायचं दिस. तवर मला टोपली उचलता आली पायजे, आदीच सांगती."

"टोपली काय, रमजानकाकांनाही उचलशील."

रमजान दाराजवळ उभा होता, तो नकळत उंबऱ्याबाहेर सरकला.

"आन माझ्या आदी कितीजनींचं क्येलं आसं?"

खरं उत्तर सोपं होतं. शिबिरात गुरुजींचा हात हातावर असताना केलं होतं, एकट्यानं एकीचंही नाही. मनोहर म्हणाला, "मावशी, पुण्या-मुंबईला आता सगळीकडं असंच करतात."

"म्या पुन्याचं न्हाय इचारलं."

"अगं, तू काळजी करू नकोस."

बिबीजान त्याच्याकडं बघत राहिली. "तुमची आय म्हनायची, ह्या पोराला लबाडी जमत न्हाय, कान लाल व्हत्यात." आणि हसली. मनोहरनं तेव्हा ऑपरेशनची टोपी घातली होती. कान टोपीच्या आत होते.

तर त्या दिवशी तो कुंकवाचा कापूस कचऱ्यात टाकून मनोहर बाहेर निघाला तेव्हा त्याच्या तोंडात एक वाक्य तयार होतं. 'रमजानकाका, माझी चूक झाली.' दारापर्यंत त्यानं ते तीनदा घोकलं. पण त्याच्या आधी रंगूबाई आया बाहेर पोचली होती. रंगूबाईनं ऑपरेशन दारातून पाहिलं होतं आणि तिची कथा अर्ध्यावर आली होती.

"आख्खा टीव्ही लाल हो! म्या म्हनलं, झालं, गेली म्हातारी. पर आमचा डाक्टर घाबरतोय व्हय? आसा सुरा घेतला, आसा..."

रमजाननं मनोहरला बघितलं आणि त्याचे दोन्ही हात धरून तो लहान पोरासारखा रडायला लागला. "डाक्टर, तुमी व्हता म्हनून वाचली. दुसरा कुनी आसता तर?"

दुसरा कुणी असता तर त्यानं काच पुसली असती. पण रडणाऱ्या माणसाला असलं कसं सांगायचं? मनोहरनं तोंड उघडलं आणि तयार वाक्याच्या जागी तोंडातून एवढंच आलं,

"हं."

खोटं बोलायला फार मोठी वाक्यं लागतात असा आपला एक समज असतो. तो चुकीचा आहे. एका अनुस्वाराची टिकली दिली की काम भागतं.

पुढं मात्र हे 'हं' सांभाळायला वाक्यं लागायला लागली. शुद्धीवर आल्यावर बिबीजाननं पोट चाचपलं. मोठी पट्टी लागली. "आवं, चिरलं की वो!"

"उघडावं लागलं मावशी. रक्त थांबेना."

"का थांबंना?"

"असतं एखाद्याचं रक्त जरा पातळ."

जन्मभर सर्वांचे हात चांगले म्हणणारी ही बाई, आपल्या रक्ताला नाव ठेवलं गेलं तेव्हा भांडली नाही. नुसती म्हणाली, "आसंल बाबा. कामाचं हुंदडनं लई झालं."

मनोहर तिथून उठला आणि बाहेर येऊन उगाच एका रिकाम्या खाटेची चादर ओढून नीट करत बसला. वाढलेली बांगडी बांगडीवालीच्या अंगावर. त्यानं ती बाईच्या हातात सारून दिली होती, वर तुझाच हात जाड म्हणून सांगितलं होतं.

तुळशीचं लग्न लागलं, लग्नसराई आली आणि बिबीजान अंथरुणावर. टोपली घेऊन रमजान एकटा बावड्याला गेला. पण ज्या माणसानं बायकोसमोर तीस-पस्तीस वर्षं तोंड उघडलं नाही, तो परक्या बाईला 'सासू जित्ती हाय का' कसं विचारणार? तो नुसता मान खाली घालून मूठ चेपायचा. मुठी सैल पडेनात. संध्याकाळी तो निम्मी टोपली काचा घेऊन परतला. बिबीजाननं विचारलं, "किती भरल्या?" तो म्हणाला, "वाढल्याच लई."

ही हकिकत ती स्वतःच हसून हसून सांगायची. हसताना पोटाच्या टाक्यांवर हात दाबून धरायची.

इकडं मनोहरचं नाव झालं. इतकं झालं की त्याला रस्त्यानं जायची चोरी झाली. बिबीजान अंथरुणावर असली म्हणून काय झालं, तिचा आवाज काही अंथरुणावर नव्हता. भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला ती सांगायची, "रगत थांबत न्हवतं गं माझं. त्या पोरानं मरनाच्या दारातनं वडून आनलं." त्या बाया आपापल्या गावी जाऊन दोन वाक्यं वर घालायच्या. बावड्यात रक्त तांब्याभर झालं, डाळजला घागरभर, आणि पुढं भिगवणच्या स्टँडवर ते बादलीनं मोजायला लागले. दवाखान्यात डाळिंबं आली, गूळ आला, एका बाईनं पायाला दोरी बांधलेला कोंबडा आणला. तो कोंबडा दिवसभर व्हरांड्यात मनोहरकडं एका डोळ्यानं बघत बसला. मनोहरला वाटलं, ह्याला ठाऊक आहे.

यंत्रावर त्यानं चादर टाकली होती. कुणी विचारलं तर 'जरा बिघडलंय' म्हणायचा. बिघडलेलं काय होतं हे कुणी विचारत नव्हतं.

आणि एके दिवशी बिबीजान टाके दाखवायला आली, सोबत लेक सिमरन. सिमरनची सोयरीक भिगवणच्या दस्तगीरभाईंच्या शहबाजशी ठरली होती, हे मनोहरला ठाऊक होतं. पेढेही पोचले होते. मनोहरनं जखम बघितली, भरत आली होती. मग बिबीजाननं लेकीला पुढं ढकललं.

"हिचं रगत तपासा."

"का? हिला काय झालं?"

"हिला काय न्हाय. दस्तगीरभाई अडून बसल्यात. आईचं रगत पातळ तर लेकीचं बी आसंल म्हनं. उद्या बाळंतपनात थांबलं न्हाय, तर पोरगी मरंल, आन नाव आमच्या घराचं जाईल, म्हंत्यात."

सिमरन खाली बघत ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. मनोहरच्या कानांत रक्त चढलं. आज टोपी नव्हती.

"मी तपासतो," तो घाईघाईनं म्हणाला. त्यानं तपासलं. रक्त उत्तम होतं. त्याला हायसं वाटलं. चला, खरं न सांगताही भागेल! दुसऱ्या दिवशी दस्तगीरभाई स्वतः आले. सायकलींचं दुकान चालवणारा, प्रत्येक गोष्ट दोन बोटांनी फिरवून बघणारा गृहस्थ.

"मुलीचं रक्त एक नंबर आहे," मनोहर म्हणाला.

"आल्लाची मेहेरबानी. आन आईचं तपासलं व्हतं का, ऑपरेशनच्या आदी?"

"होतं ना."

"कसं व्हतं?"

मनोहरला आपण खड्ड्याच्या काठावर आल्याचं कळलं, पण तोवर पाय उचललेला होता. "उत्तम होतं."

"आन तरी बादलीभर ग्येलं."

"बादलीभर नाही हो."

"मग किती?"

किती! एक थेंब नाही, असं म्हणावं तर मग चिरलं कशाला? थोडंसं म्हणावं, तर पोरीच्या कपाळी तेच थोडंसं लागणार. मनोहर टेबलावरचं पेन उचलून पुन्हा ठेवत राहिला. दस्तगीरभाई उठले. "तुमी सज्जन मानूस. बाईची बाजू घेता, त्ये कळतंय मला. पर तपासनीत कळत न्हाय आसलं हे रगत दिसतंय. पोराचा बाप हाय मी डाक्टर, माझा बी इचार करा." आणि सलाम करून गेले.

दोन दिवसांनी बिबीजानचा निरोप नाही, बिबीजानच आली. एसटीनं, पोट धरून. शुक्रवारी नमाजानंतर दस्तगीरभाई शेवटचं बोलायला इंदापूरला येणार होते.

"तुमी या. तुमचा शबूद त्यो मोडायचा न्हाय. काय बी सांगा, पर पोरीचं मोडू नगा." मग म्हणाली, "माझ्याच रगतात खोट निघाली. तिनं काय पाप क्येलं?"

हे ती हळू आवाजात म्हणाली. बिबीजान आणि हळू आवाज! मनोहरनं आयुष्यात तो पहिल्यांदा ऐकला. पणदऱ्याच्या अंगणात जिच्या हाकेनं कावळे उडायचे ती बाई अपराध्यासारखी खालच्या पट्टीत बोलत होती. मनोहरला वाटलं, आत्ता सांगावं. पण बाहेर बाकावर सातआठ बाया बसल्या होत्या, आणि दार नुसतं लोटलेलं होतं. तो म्हणाला, "येतो मावशी." भित्रेपणाला नेहमी एखादं लोटलेलं दार सापडतं.

शुक्रवारी तो गाडी घेऊन निघाला. कारखान्यांचं गाळप सुरू झालेलं. रस्त्यावर उसाच्या बैलगाड्यांची रांग. एरवी ह्या गाड्यांमागं अडकला की तो हॉर्नवरचा हात काढायचा नाही. आज एकेका गाडीमागं सुनेनं सासऱ्याच्या मागं चालावं तसा अदबीनं चालला होता. एका गाडीवानानं हात करून पुढं जायला वाट दिली, तर ह्यानंच त्याला 'तुम्ही चला, तुम्ही चला' केलं. बैलांनीही मान वळवून बघितलं असावं. निमगाव मागं पडलं तसं त्याच्या मनात एकेक सोयीचं खोटं येऊन जायला लागलं. 'औषधाची ॲलर्जी होती.' मग ती ॲलर्जी लेकीला लागेल. 'गाठीतलंच रक्त होतं.' मग गाठ लेकीला होईल. ते रक्त पुसायचं तर काही केल्या कुंकवापाशीच यावं लागत होतं.

इंदापुरात घराच्या ओसरीवर सतरंजी, तिच्यावर दस्तगीरभाई, शेजारी रमजान. चहा, शेव, खारी. बिबीजान चौकटीला टेकून उभी. आतल्या पडद्याखाली सिमरनची पावलं तेवढी दिसत होती.

"या, या! जान देनारं आलं," रमजान लगबगीनं उठला. जन्मात नाही ते बोलला, नेमकं आजच.

मनोहर बसला. चहाचा कप उचलला. न पिताच परत ठेवला.

"दस्तगीरभाई, मावशीचं रक्त चांगलं आहे."

"त्ये तुमी मागं बी म्हनला."

"त्या दिवशी रक्त आलंच नव्हतं."

शेवेचा घास घेतलेला दस्तगीरभाईंचा हात थांबला. "टीव्ही लाल झाला म्हनं."

"झाला. ते कुंकू होतं."

"काय व्हतं?"

"कुंकू. दसऱ्याला दुर्बीण पुजली. मी लावलं. ते भिजलं आणि काचेवर पसरलं. मला रक्त वाटलं. दुर्बीण बाहेर काढून पुसायला हवी होती, ते मी केलं नाही. घाबरलो आणि पोट उघडलं. आत सगळं ठीक होतं."

मग रमजाननं सावकाश विचारलं, "म्हंजी... आमच्याच टोपलीतलं कुंकू का वो? तुमच्या आईला म्हनून ही देती त्ये?"

मनोहरनं मान हलवली.

"जात न्हाय त्ये," रमजान धंद्याच्या अभिमानानं म्हणाला आणि आपण काय बोललो हे कळून घाईनं खारीची बशी पुढं सरकवायला लागला.

पडद्यामागून सिमरन फस्सकन हसली. हसता हसता तिला रडू फुटलं, आणि पावलं आत पळाली. दस्तगीरभाई मात्र हसले नाहीत. त्यांनी ती गोष्ट दोन बोटांत धरून फिरवली, या बाजूनं बघितली, त्या बाजूनं बघितली.

"म्हंजी आईच्या रगतात काय खोट न्हाय."

"नाही. खोट माझ्यात होती. मी मावशीला पातळ रक्त म्हणालो ते खोटं बोललो."

"माझ्या आदी कितीजनींचं क्येलं व्हतं?" हा आवाज चौकटीतून आला. बिबीजानचा.

मनोहरला तिच्याकडं बघवेना. "एकट्यानं, कुणाचंच नाही. तू पहिली. तू विचारलंस तेव्हाच सांगायला हवं होतं. आता पुण्याचे सर शेजारी उभे राहिल्याशिवाय त्या यंत्रावरची चादर निघायची नाही. आणि समोर बसेल त्या बाईला, आधी किती केली ते ती विचारायच्या आधी सांगेन."



दस्तगीरभाईंनी खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं. "रमजानभाई, आमचं बोलनं मागं घेतलं. पोरगी आमची." मग ते मनोहरकडं वळले आणि त्यांनी त्याचा हात हातात घेतला. "डाक्टर, आसं चारचौघांत कोन बोलतं आजकाल? वाघाचं काळीज लागतं. मानलं तुमास्नी!"

पुन्हा स्तुती! मनोहर कबूल करायला आला होता आणि इथंही हारच पडत होते. पण खरं सांगायचं तर ह्या वेळी त्याला ती तितकीशी बोचली नाही. चहा गोड लागला. शेव त्यानं दोनदा घेतली. सिमरननं आतून साखरेच्या पुड्या पाठवल्या. रमजान सर्वांना ती कुंकवाची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागला आणि आता ती त्याला चांगली जमायलाही लागली. आपण केलं ते काही कमी नाही, असं मनोहरला हळूहळू वाटायला लागलं. माणसाला शरम सोसत नाही. ती जरा सैल झाली की तो तिचा लगेच मोठेपणा शिवायला घेतो.

निघताना बिबीजान त्याला सोडायला गाडीपर्यंत आली. पायरी उतरताना तिनं एका हातानं भिंत धरली, दुसऱ्या हातानं पोट. मनोहरचं मन भरून आलं.

"मावशी," तो गाडीचं दार धरून म्हणाला, "आज फार मोकळं वाटलं बघ. इतके दिवस छातीवर दगड होता."

बिबीजाननं डोक्यावरचा पदर सावरला आणि त्याच्याकडं सरळ बघितलं.

"मोकळं तुमास्नी वाटलं, डाक्टर, टाकं मला पडल्यात."